आर्काइव्ह: वाढीचा अंदाज चुकला, तरी कोठार पुरून उरले

सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाच वाजता, आणि अमेरिकेतील घड्याळे हिवाळ्यासाठी मागे गेली की साडेसहा वाजता, आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या नव्या शोधलेखांची यादी लागते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. मी एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. चहाचे आधण ठेवल्यापासून दूध उतू जाण्याच्या बेतात येईपर्यंतच्या वेळात ही यादी चाळण्याची सवय मला सुमारे पंधरा वर्षांपासून आहे. या काळात मी या सेवेला एक पैसाही दिलेला नाही आणि वाचण्यासाठी कधी खातेही उघडावे लागलेले नाही, म्हणून उशिरा का होईना तिच्याविषयी रीतसर अभिप्राय लिहिणे मला कर्तव्य वाटते. मी तिच्याकडे एका ठरावीक बाजूने पाहणार आहे. विज्ञानाच्या शाखा कशा वाढतात, ही वाढ आधी गणिताने मांडता येते का आणि ती प्रत्यक्षात आल्यावर पेलता येते का, या प्रश्नांवर पुष्कळ संशोधन झालेले असले, तरी विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासारखे त्याचे इतके उघडे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

ज्यांनी ही सेवा वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नियतकालिकाकडे पाठवलेला किंवा पाठवायचा असलेला लेख छापून येण्याआधीच लेखक स्वतः येथे ठेवतो आणि जगातील कोणीही तो विनामूल्य वाचू शकतो. अशा लेखाला प्रीप्रिंट म्हणतात. नावातील इंग्रजी एक्ससारखे दिसणारे अक्षर वास्तविक ग्रीक ‘काय’ आहे, म्हणून उच्चार आर्काइव्ह. (‘हे अक्षर काय आहे?’ या प्रश्नाला ‘काय आहे’ हेच उत्तर येत असल्यामुळे वर्गात दरवर्षी एकदा हशा पिकतो.) भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, संख्यात्मक जीवशास्त्र, संख्यात्मक वित्त, विद्युत अभियांत्रिकी व प्रणालीविज्ञान आणि अर्थशास्त्र अशा आठ विभागांत आज तेथे लेख घेतले जातात.

या सेवेची सुरुवातच चुकलेल्या अंदाजाने झाली. १९९१ पूर्वी प्रीप्रिंटच्या छापील प्रती टपालाने फिरत असत आणि कोणत्या संस्थेचे नाव कोणाच्या पत्त्यांच्या यादीत आहे यावर नवे संशोधन कोणाला कधी कळणार हे ठरत असे. पुढे लेखांच्या टेक (गणिती मजकूर जुळवण्याची संगणकीय पद्धत) फाइली ई-मेलने फिरू लागल्या, तेव्हा प्रवासात असताना आपली डिस्कवरची जागा त्यांनीच भरून जाईल ही नवी चिंता उभी राहिली. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी यावर उपाय म्हणून १४ ऑगस्ट १९९१ रोजी एक स्वयंचलित ई-मेल सेवा सुरू केली. सैद्धान्तिक उच्च-ऊर्जा भौतिकीच्या एका लहानशा उपशाखेतून वर्षाला साधारण १०० लेख येतील असा त्यांचा हिशेब होता, आणि तेही तीन महिन्यांनी पुसून टाकायचे होते, कारण तोवर छापील प्रती सर्वांपर्यंत पोहोचतील असे गृहीत होते. पहिल्या सहा महिन्यांतच ४०० लेख आले. पुसण्याचा बेत अर्थातच मागे पडला, आणि ऑगस्ट १९९१ मधील पहिला लेखसुद्धा आज उघडून वाचता येतो. पुढे काही वर्षे या स्थळाचा पत्ता तीन एक्सनी सुरू होत असे, ज्याचा अर्थ तेव्हाच्या इंटरनेटवर झपाट्याने बदलत होता. १९९८ च्या अखेरीस आजचे नाव आले आणि २००१ मध्ये सारा कारभार कॉर्नेल विद्यापीठात हलला.

वाढीचा अंदाज किती वेळा कमी पडला हे शोधण्यासाठी इतिहास वाचण्याची गरज नाही, लेखांचे क्रमांक पाहिले तरी पुरते. मार्च २००७ पर्यंत प्रत्येक विभागाची स्वतंत्र क्रमांकमाला होती: विभागाचे नाव, मग वर्ष व महिन्याचे चार आकडे आणि शेवटी लेखाचे तीन आकडे. म्हणजे एका विभागात एका महिन्यात ९९९ लेखांपलीकडे जागाच नव्हती. १९९१ मध्ये वर्षाला १०० लेखांची अपेक्षा धरणाऱ्या माणसाला ही जागा ऐसपैस वाटली असणार, परंतु मोठे विभाग त्या कुंपणाला टेकू लागले. एप्रिल २००७ पासून सर्व विभागांची एकच माला झाली आणि क्रमांकाला चार आकडे मिळाले. ही जागा आठ वर्षेही पुरली नाही. महिन्याचा एकूण आकडा ९,९९९ च्या दिशेने सरकू लागल्यावर जानेवारी २०१५ पासून पाचवा आकडा जोडावा लागला. जागा कमी पडेल म्हणून घराची भिंत दोनदा मागे सरकवावी, तसा हा प्रकार आहे, आणि तो प्रत्येक लेखाच्या कपाळावर लिहिलेला आहे. एवढे करून जुने क्रमांक मात्र बदलले नाहीत, जुने दुवे तुटले नाहीत, ही गोष्ट मी या सेवेच्या गुणांमध्ये फार वर ठेवतो. आमच्याकडे संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की पहिल्यांदा जुनी परिपत्रके नाहीशी होतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

या क्रमांकांवरून वाढीचे गणित विद्यार्थ्यांना हाताने करता येते. २००७ पासून महिन्याचा शेवटचा क्रमांक म्हणजे जवळपास त्या महिन्यातील लेखांची संख्या, त्यामुळे आलेख काढण्यासाठी कसलेही सशुल्क माहितीसाधन लागत नाही. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गाने दोन वर्षांपूर्वी असा आलेख काढला. २००७ च्या सुमारास महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास लेख येत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही संख्या २४ हजारांवर गेली. सतरा-साडेसतरा वर्षांत पाचपटीहून अधिक, म्हणजे साधारण साडेसात वर्षांत दुप्पट. शाखावार आलेखात माझीच चूक झाली होती, ती येथे नोंदवणे इष्ट आहे, कारण नवा माणूस हमखास तेथेच अडखळतो. एकच लेख संबंधित असेल तर दुसऱ्या विभागातही नोंदवता येतो, त्याला क्रॉस-लिस्ट म्हणतात. मी विभागवार संख्यांची सरळ बेरीज करून दिली आणि ती एकूण संख्येपेक्षा बरीच मोठी आली. संख्याशास्त्र आणि यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग) या विभागांत तर सामाईक लेख इतके की दोन्ही मोजणे म्हणजे एकाच गाईचे दूध दोन डेअऱ्यांत घालण्यासारखे आहे. चूक माझ्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आली आणि सबंध तक्ता पुन्हा करावा लागला.

आता या दुपटीच्या वेगाची तुलना इतरांनी केलेल्या मापनाशी करून पाहावी. विज्ञानाच्या वाढीचे गणित मांडणाऱ्यांत डेरेक डी सोला प्राइस यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड त्यांच्याकडे सांभाळायला आले. दहा-दहा वर्षांच्या खंडांचे गठ्ठे भिंतीशी लावून ठेवले, तेव्हा गठ्ठ्यांची उंची घातांकी वक्राने चढत गेलेली त्यांना दिसली. विज्ञानाचा पसारा दर १० ते १५ वर्षांनी दुप्पट होतो हा निष्कर्ष त्यांनी पुढे मांडला, आणि त्याच्या जोडीला हेही सांगितले की असा वक्र कायम चढता राहूच शकत नाही, माणसे आणि पैसा यांची मर्यादा येऊन तो इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वळलाच पाहिजे. लुट्झ बोर्नमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अनेक माहितीसाठ्यांवरून केलेल्या मापनात वाढीचा दर वर्षाला ४.१ टक्के आणि दुप्पट होण्याचा काळ १७.३ वर्षे आला. म्हणजे विज्ञान साधारण सतरा वर्षांत दुप्पट होते आणि आर्काइव्ह साडेसात वर्षांत. विज्ञानाचा आरसा म्हणवणारी वस्तू विज्ञानापेक्षा वेगाने वाढत असेल, तर तो आरसा आपल्याला नेमके काय दाखवत आहे?

उत्तर शाखावार आलेखात आहे, आणि हा आलेख पाहण्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा आर्काइव्हच्या आकडेवारीच्या पानावर जावे. सैद्धान्तिक उच्च-ऊर्जा भौतिकी हा सर्वांत जुना विभाग सुरुवातीच्या काही वर्षांतच भरभरून वाढला आणि मग जवळजवळ सपाट झाला. ती शाखा मेली असे नव्हे. त्या विषयात काम करणारे बहुतेक सगळे आत येऊन बसले आणि बाहेर कोणी उरले नाही, म्हणून वक्र वळला. खगोलभौतिकी आणि घन पदार्थांची भौतिकी यांनी नंतर तोच रस्ता थोड्या सावकाश चालून दाखवला. गणित फार शांतपणे, वर्षानुवर्षे चढत राहिले. संगणकशास्त्राचे दार १९९८ मध्ये उघडले खरे, परंतु पहिली दहा-बारा वर्षे तेथे फारशी वर्दळ नव्हती. २०१२ नंतर यंत्र-शिक्षणाची लाट आली आणि आज नव्या लेखांत सर्वांत मोठा वाटा संगणकशास्त्र या एका शाखेचा आहे. पहिले दहा लाख लेख जमायला २३ वर्षे लागली, २०१४ च्या अखेरीपर्यंत. पुढच्या दहा लाखांना सात वर्षे पुरली. तेव्हा आर्काइव्हचा एकूण वक्र म्हणजे एक घातांकी वक्र नाही. एकामागून एक सुरू झालेल्या आणि आपापल्या वेळी वळलेल्या अनेक एस-वक्रांची ती चळत आहे, आणि एखादा वक्र सपाट होण्याच्या सुमारास नवी शाखा आत आली म्हणून बेरीज चढती राहिली. विज्ञानाची मोठी वाढ कशी साधते याविषयीचे पुष्कळ सिद्धान्त मी वाचले आहेत, परंतु धोरण ठरवणाऱ्याला हाताशी धरून दाखवावे असे चित्र मला हेच वाटते: आहे त्या शाखेला अधिक ढोसल्याने वाढ टिकली नाही, नव्या शाखेला दार उघडल्याने टिकली. जीवशास्त्रासाठीही २००३ मध्ये दार उघडले गेले, पण प्रयोगशाळेतील जीवशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने आले नाहीत. त्यांनी २०१३ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने काढलेले बायोआर्काइव्ह हे स्वतंत्र घर पसंत केले. सवयी शाखेच्या असतात, यंत्रणेच्या नाहीत.

दारे उघडल्याचा लाभ आपल्याकडे कोणाला झाला याचे एक उदाहरण माझ्या फार आवडीचे आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अशोक सेन यांचा एक लहानसा लेख आर्काइव्हवर आला. जुन्या पद्धतीतील त्याचा क्रमांक ९४०२०३२. विद्युतभारित आणि चुंबकीय कणांमध्ये एक खोल द्वैत (दोन्ही वर्णने समतुल्य असण्याचे नाते) असल्याच्या अंदाजाला त्यात प्रथमच भक्कम आधार मिळाला आणि स्ट्रिंग सिद्धान्तात पुढे झालेल्या उलथापालथीच्या मुळाशी त्या लेखाचे नाव घेतले जाते. टपालाच्या जमान्यात कुलाब्याहून निघालेले पाकीट न्यू जर्सीला पोहोचायला लागणारा वेळ आणि या लेखाला लागलेला वेळ यांतील फरक हाच या सेवेचा खरा गुण आहे. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत आर्काइव्हची प्रतिकृती कित्येक वर्षे चालवली जात होती, आणि संथ जोडणीच्या काळात तिने आमच्यासारख्यांना फार हात दिला.

सेवा म्हणून रोजच्या वापरात ती कशी आहे, हे आता सांगतो. प्रत्येक लेखाचे पान साधे, कोरडे आणि जाहिरातमुक्त आहे. शीर्षक, लेखक, सारांश, आणि ‘१२ पाने, ५ आकृत्या’ अशी एक ओळ, जिच्यात कधी लेख कोठे स्वीकारला गेला हे तर कधी आधीच्या आवृत्तीत कोणती चूक होती हेही लेखक प्रांजळपणे लिहितात. सुधारलेली आवृत्ती आली तरी जुनी तशीच राहते. लेख मागे घेतला तरी त्याचा क्रमांक आणि मागे घेतल्याची नोंद पुसली जात नाही. पीडीएफबरोबर बहुतेक लेखांची मूळ टेक फाइल उतरवून घेता येते, आणि लाटेक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली पाठशाळा नाही: एखादे अवघड समीकरण कोणी कसे टंकले हे सरळ आत डोकावून पाहावे. डिसेंबर २०२३ पासून नव्या लेखांचे एचटीएमएल रूपही मिळते. ते मुळात स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांसाठी आणले असले, तरी मोबाइलवर दोन स्तंभांची पीडीएफ चिमटीने ओढत वाचणाऱ्या आम्हा सर्वांनाच त्याचा आराम झाला आहे. समीकरणे त्यात अधूनमधून विस्कटतात. शोधयंत्र मात्र जुन्या वळणाचे आहे. नेमके शब्द ठाऊक असतील तरच ते कामास येते, आणि विषयाचा मागोवा घ्यायचा असेल तर दुसऱ्या सेवेचा आधार घ्यावा लागतो.

यादीतील क्रमाचीही एक गंमत आहे. लेख देण्याची मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी दोनला संपते आणि त्यानंतर आलेला लेख पुढच्या यादीत जातो, म्हणून दोन वाजून काही सेकंदांनी लेख टाकला तर तो पुढच्या यादीत अग्रभागी येण्याची शक्यता वाढते. २००९ मध्ये आसिफ-उल हक आणि स्वतः गिन्सपार्ग यांनी तपासले, तेव्हा यादीत वर आलेल्या लेखांना पुढे अधिक संदर्भ मिळाल्याचे आढळले. काही अंशी चांगले लेखक मुद्दाम ती वेळ साधतात म्हणून, आणि काही अंशी केवळ वर दिसल्यामुळे. आपल्याकडे ती वेळ उन्हाळ्यात रात्री साडेअकराची आणि हिवाळ्यात साडेबाराची. माझे एक स्नेही लेख पूर्ण झाल्यावर गजर लावून बसतात, आणि मी त्यांना हसत नाही.

दोष सांगायचे तर पहिला सर्वांना माहीत आहे: येथील लेखांचे तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नसते. दोनशेहून अधिक स्वयंसेवी नियंत्रक लेख विषयाला धरून आणि किमान शास्त्रीय स्वरूपाचा आहे ना, एवढेच पाहतात. जुलै २०२३ मध्ये सामान्य तापमानाला व दाबाला अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणारा) ठरणारा पदार्थ सापडल्याचा दावा करणारे दोन लेख दक्षिण कोरियातून आले आणि जगभर गाजावाजा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील गटाने तो पदार्थ बनवून पाहिला, त्यात अतिवाहकता आढळली नाही, आणि तो लेखही आर्काइव्हवरच आला. मला यात सेवेचा दोष कमी आणि वृत्तवाहिन्यांची घाई अधिक दिसते. उलट बाजूला ग्रिगोरी पेरेलमान यांचे उदाहरण आहे: नोव्हेंबर २००२ पासून त्यांनी येथे ठेवलेल्या तीन लेखांनी प्वांकारेचे अनुमान या गणितातील प्रसिद्ध कोड्याची सिद्धता दिली, आणि ते लेख त्यांनी कोणत्याही नियतकालिकाला पाठवलेच नाहीत.

माझी खरी तक्रार प्रवेशाच्या नियमाविषयी आहे. २००४ पासून नव्या लेखकाला त्या विभागातील एखाद्या प्रस्थापित लेखकाची शिफारस लागू शकते. आयआयटीत असणाऱ्याला शेजारच्या खोलीत शिफारस देणारा भेटतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील एकट्या संशोधकाला अनोळखी माणसाला पत्र लिहावे लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. टपालाच्या याद्या मोडण्यासाठी निघालेल्या सेवेने ओळखीची एक नवी यादी तयार केली, असे त्याकडे पाहता येईल. तरीही हा नियम काढून टाका असे मी म्हणू धजत नाही, कारण पूर आलेला दिसतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लेखनयंत्रांनी प्रसवलेल्या आढावालेखांचा भार इतका झाला, की ऑक्टोबर २०२५ अखेरीपासून संगणकशास्त्र विभागाने आढावा आणि मतप्रदर्शनपर लेख आधी कोठेतरी परीक्षण होऊन स्वीकारले गेले असतील तरच घेण्याचे ठरवले. साठवण वाढवता आली, क्रमांकाला आकडे जोडता आले, २०२३ मध्ये सायमन्स फाउंडेशन आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून एक कोटी डॉलर्सही मिळाले. फुकट काम करणाऱ्या नियंत्रकांचे डोळे मात्र साडेसात वर्षांत दुप्पट होत नाहीत. वाढीच्या ज्या प्रतिमानांत फक्त लेखांची संख्या धरतात आणि ते वाचणारी माणसे धरत नाहीत, त्यांच्याविषयी माझे मत त्यामुळे फारसे चांगले राहिलेले नाही.

ज्यांना पदोन्नतीसाठी कॅसची (शिक्षकांच्या पदोन्नती योजनेची) फाइल भरायची आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की आर्काइव्हवरील लेख प्रकाशन म्हणून सहसा धरला जात नाही. एका नियतकालिकात माझा लेख चौदा महिने पडून होता. त्या काळात तो आर्काइव्हवर वाचून दोन परदेशी सहकाऱ्यांनी पत्रे लिहिली, एकाने चूकही दाखवली, पण फाइलीत त्या पत्रांना रकाना नव्हता. जीवशास्त्र, वैद्यक किंवा सामाजिक शास्त्रांतील वाचकांना येथे फारसे काही मिळणार नाही, आणि लेख इंग्रजीत नसेल तर फेब्रुवारी २०२६ पासून त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयीन शिक्षकांनी मात्र सबंध विभाग न उघडता आपला उपविभाग निवडावा. यंत्र-शिक्षणाची यादी रोज शेकड्यांत जाते आणि ती पूर्ण वाचण्याचा हट्ट धरणारा माणूस आठवड्यात हरतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेला पाचवा नियम ग्रंथालयशास्त्राचे आमचे विद्यार्थी ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ असा पाठ करतात, आणि ‘वर्धिष्णू’ म्हटले की मराठी मुलांना प्रतिपदेच्या चंद्राची राजमुद्रा आठवतेच. चंद्राची कोर पंधरा दिवस वाढते, हे मी वर्गात मुद्दाम विचारून घेतो. त्याच तासाला आम्ही पुढचा हिशेब केला. आजच्या पाच आकडी क्रमांकात महिन्याला ९९,९९९ लेख मावतात. साडेसात वर्षांत दुपटीचा वेग तसाच राहिला तर २०४० च्या आसपास ही जागाही भरेल. अर्ध्या वर्गाने वक्र सरळ वर नेला, उरलेल्यांनी २०३० च्या अलीकडेच वळवला. दोन्ही कागद विभागाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावलेले आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागील महिन्याचा शेवटचा क्रमांक त्यांवर एका ठिपक्याने मांडण्याचे काम पाळीपाळीने मुले करतात.